थ्रिफ्ट स्टोअरच्या सामानातून अंगावर काटा आणणारी भिंत कशी करावी?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा आहे: न्यू जर्सीतलं भाड्याचं अपार्टमेंट, दिवाणखान्यात सोफ्यासमोरची एक मोकळी भिंत, हॅलोविनसाठी, म्हणजे ऑक्टोबरपुरती, ती भीतीदायक करायची आहे, पण पार्टी स्टोअरमधले प्लास्टिकचे सांगाडे आणि कापसाची कोळिष्टकं नकोत. खर्च शंभर डॉलरच्या आत हवा. घरात सहा वर्षांची मुलगी आहे आणि दिवाळीला सासू-सासरे पुण्याहून येणार आहेत.

मी मुंबईत नाटकांसाठी प्रॉपर्टी, म्हणजे रंगमंचावर लागणाऱ्या वस्तू, बनवायचे, इथे आल्यावरही छोट्या नाट्यसंस्थांसाठी तेच करते. थ्रिफ्ट स्टोअर, म्हणजे वापरलेल्या वस्तूंचं स्वस्त दुकान, हे माझं गोदामच आहे म्हणा ना. त्या अनुभवावरून आधी एक गोष्ट सांगते, बाकी सगळं तिच्यातूनच निघतं. माणसाला भीती वाटते ती ओळखीच्या वस्तूची. कवटी दिसली की पाहुणा 'हां, हॅलोविन!' म्हणतो आणि चिप्सकडे वळतो. पण एखाद्या आजीच्या घरात शोभेल असं तळ्याचं चित्र आहे, पाण्यात कुणाचं तरी प्रतिबिंब आहे आणि काठावर मात्र कुणीच नाही, हे त्याच्या लक्षात आलं की तो त्या भिंतीकडे पाठ करून बसणार नाही. म्हणून वस्तू जितकी सभ्य, घरंदाज, तितकी चांगली. आणि बिघाड एका वस्तूत एकच. चित्रात प्रतिबिंबही, रक्तही आणि वटवाघूळही, असं केलं की त्याची जत्रा होते.

आता खरेदी. गुडविल, सॅल्व्हेशन आर्मी, सेव्हर्स, कुठेही जा, पण 'हॅलोविन' असं लिहिलेल्या मांडणीकडे फिरकू नका. तिथे दुसऱ्यांनी टाकलेलं प्लास्टिकच असतं. तुम्हाला लागणार आहेत निसर्गचित्रं, जाड लाकडी किंवा सोनेरी फ्रेम, चांदीचा मुलामा दिलेली तबकं, भिंतीवरचं एखादं घड्याळ आणि काच शाबूत असलेल्या फोटोफ्रेम. बऱ्याच दुकानांत दर आठवड्याला एका ठरावीक रंगाच्या टॅगवर निम्मी सूट असते. तो रंग दारावरच लिहिलेला असतो, तो बघूनच आत शिरा.

चित्र उचललं की आधी उलटं करून बघा. मागे जुन्या गॅलरीचं लेबल, हातानं लिहिलेलं नाव, पुढे सही असं काही दिसलं तर फोनवर फोटोवरून शोध घ्या, मगच ब्रश लावा. न्यू हॅम्पशायरमधली एक बाई २०१७ मध्ये थ्रिफ्ट स्टोअरमध्ये जुन्या फ्रेम शोधायला गेली होती, तुम्ही जाणार आहात अगदी तशीच. चार डॉलरला घेतलेलं एक चित्र एन. सी. वायथ या नामांकित चित्रकाराचं निघालं आणि २०२३ च्या लिलावात १,९१,००० डॉलरपर्यंत गेलं. तिनं त्यावर भूत काढलं असतं तर? आपल्याला हवी ती चित्रं म्हणजे छापील, पुठ्ठ्यावर चिकटवलेली, वरून ब्रशच्या फटकाऱ्यांसारखं खरखरीत व्हार्निश मारलेली. भिंगातून पाहिलं तर छपाईचे बारीक ठिपके दिसतात. अशी चित्रं दुकानात ढिगानं असतात आणि त्यांच्यावर हात चालवताना जीव कचरत नाही.

फ्रेमच्या मागचे कोपरे, खिळ्यांच्या खाचा आणि मागचा तपकिरी कागद नीट पाहा. काळे बारीक ठिपके किंवा पापुद्रे दिसले तर ढेकूण समजा आणि वस्तू तिथेच ठेवा. शंका असेल तर प्लास्टिकच्या पिशवीत हवाबंद करून चार दिवस डीप फ्रीझरमध्ये, उणे १८ अंशांवर. दुसरी खबरदारी शिशाची. घरगुती रंगात शिसं वापरायला अमेरिकेत १९७८ मध्ये बंदी आली, त्यामुळे त्याआधीची वाटणारी रंगवलेली लाकडी वस्तू कोरडी घासायची नाही. घरात लहान मूल असताना मी तर ती विकतच घेणार नाही. अंधारात चमकणारे आकडे असलेलं खूप जुनं घड्याळही नको. त्या रंगात रेडियम असू शकतं.

तळ्याचं चित्र

भिंतीचा जीव या चित्रात असतो, म्हणून इथे घाई करू नका. पाणी, झाडं, लांबवर एखादं घर असं चित्र निवडा. कापसाच्या बोळ्यावर पाणी आणि भांड्यांच्या साबणाचा एखादा थेंब घेऊन हलक्या हातानं धूळ काढा. वाळलं की जिथे काम करायचं तेवढ्याच भागावर ४०० नंबरचा पॉलिश पेपर अलगद फिरवा. चकाकी जायला हवी, चित्र जायला नको. वरून मॅट ॲक्रिलिक मीडियमचा (रंग नसलेल्या, चकाकी नसलेल्या पारदर्शक लेपाचा) एक पातळ हात द्या आणि रात्रभर राहू द्या. मग ॲक्रिलिक रंग त्यावर धरतात. चित्र खऱ्या तैलरंगातलं असेल तर ॲक्रिलिक वापरू नका, काही महिन्यांत पोपडे सुटतात. तिथे तैलरंगच घ्यावे लागतात आणि ते सुकायला आठवडे लागतात.

रंग मिसळताना ट्यूबमधला काळा लांब ठेवा. बहुतेकांचं भूत इथेच फसतं: चित्र सगळं पिवळट-हिरवट आणि त्यात एक कोळशासारखी काळी आकृती, म्हणजे वरून चिकटवल्यासारखी. चित्रातला सर्वांत गडद रंग कुठे आहे ते शोधा, बहुधा झाडाच्या बुंध्यापाशी असतो. तो मिसळून तयार करा आणि आकृती त्याच रंगात, किंचित फिकी काढा. लांबची आकृती आणखी फिकी, निळसर, कडा विरघळलेल्या. ऊन डावीकडून येत असेल तर तुमच्या माणसावरही डावीकडूनच पडू द्या.

प्रतिबिंब काढायचं असेल तर आधी काठावर एक जागा मनाशी ठरवा, जिथे तो माणूस उभा 'असायला हवा' होता. त्या जागेच्या बरोबर खाली पाण्यात उलटा माणूस: डोकं खाली, पाय काठाकडे. पाण्यातले रंग वरच्यापेक्षा थोडे मळकट असतात. आकृती ओली असतानाच कोरडा ब्रश वरून खाली एकदाच ओढा म्हणजे ती पाण्यात बुडाल्यासारखी दिसते, आणि वाळल्यावर पाण्याच्याच रंगाच्या दोन-तीन आडव्या रेघांनी ती तोडा. चेहरा काढू नका. उंची बोटाच्या पेरापेक्षा जास्त नको. चित्रात नजर पहिल्यांदा जिथे जाते (लांबचं घर, पूल, उजेडाचा पट्टा) तिथे हे ठेवू नका. नजर फिरून दमली की जिथे विसावते तिथे ठेवा.

शेवटी संपूर्ण चित्रावर एकच व्हार्निश मारा. हे टाळलं तर दिवा लावल्याबरोबर तुम्ही काम केलेला भाग मॅट आणि बाकीचं चित्र चकचकीत दिसतं, आणि दारातूनच कळतं की इथे कुणीतरी काहीतरी केलंय.

चांदीचं तबक

आपल्याकडे दसरा-दिवाळीच्या आधी चांदीची भांडी घासघासून काळं काढतात. इथे आपण ते काळं मुद्दाम आणणार आहोत, तेही अंड्यानं.

तबकाच्या मागे ई.पी.एन.एस. अशी अक्षरं असली तर चांदीचा मुलामा आहे असं समजायचं. स्टेनलेस स्टीलवर हा प्रयोग काहीच करत नाही. तबक चांदीच्या पॉलिशनं लख्ख घासा, साबणानं धुवा, आणि त्यावर पारदर्शक लॅकरचा थर असेल तर तो ॲसिटोननं पुसून काढा. लॅकरखाली चांदी काळी पडत नाही. मग चिकट व्हिनाइलच्या कागदातून जुन्या पद्धतीची एका बाजूनं दिसणारी मुखाकृती कापा, अंबाडा, नाक, हनुवटी सगळं स्पष्ट, आणि ती तबकाच्या मधोमध चिकटवा. कडा नखानं नीट दाबा.

दोन अंडी चांगली पंधरा मिनिटं उकडा, सोलून गरम असतानाच कुस्करा आणि झाकणाच्या मोठ्या प्लास्टिकच्या डब्यात तबकाशेजारी ठेवा. अंडं चांदीला टेकू देऊ नका, टेकलं तिथे डाग पडतो. अंड्यातून निघणारा गंधकयुक्त वायू चांदीवर सल्फाइडचा थर चढवतो. आधी सोनेरी झाक येते, मग तांबूस तपकिरी, मग जांभळट निळी, आणि रात्रभर ठेवलं तर राखाडी काळी. मला जांभळट निळ्यावर थांबायला आवडतं. डब्याचं झाकण खिडकीपाशी उघडा, वास नाकात बसतो. ती अंडी अर्थातच फेकून द्यायची.

व्हिनाइल सोललं की काळ्या तबकात लखलखीत चांदीची मुखाकृती उरते. आता खरी गंमत: तिच्यावर मेण किंवा लॅकर लावू नका. घरातली हवा तिलाही हळूहळू काळवंडत नेते आणि पुढच्या हॅलोविनपर्यंत ती बाई अर्धी पुसलेली असते. ज्यांना हे नको त्यांनी मायक्रोक्रिस्टलाइन मेणाचा पातळ हात द्यावा. टांगायला स्प्रिंगचं तारेचं प्लेट हँगर मिळतं, ते कडेनं पकडतं आणि चांदीला भोक पाडावं लागत नाही.

आरसा

जुनाट, डागाळलेला आरसा करायच्या दोन पद्धती आहेत. एकीत खऱ्या आरशाचं मागचं रंगाचं आवरण काढून चांदीच्या थरावर ॲसिड किंवा ब्लीच मारतात. ती तुमच्यासाठी नाही. छोटं अपार्टमेंट, लहान मूल आणि ॲसिड यांचा मेळ बसत नाही, शिवाय ब्लीच आणि ॲसिड चुकून एकत्र आले तर क्लोरीन वायू तयार होतो.

दुसरी पद्धत साध्या फोटोफ्रेमच्या काचेवर करता येते. काच स्पिरिटनं (रबिंग अल्कोहोलनं) पुसा. पांढरं व्हिनेगर आणि पाणी समप्रमाणात घेऊन काचेच्या मागच्या बाजूला बारीक तुषार उडवा. त्यावरच आरशासारखी झिलई देणाऱ्या स्प्रे पेंटचा एक अगदी पातळ थर मारा. मिनिटभरानं टिश्यू पेपरनं टिपा, पुसू नका. जिथे थेंब होते तिथे रंग धरत नाही आणि कुजलेल्या आरशासारखी छिद्रं पडतात. असं चार-पाच वेळा. मध्यभागी चेहऱ्याएवढा लंबगोल भाग मात्र विरळ ठेवा, एखाद-दुसराच थर, कडा धूसर. सगळं सुकलं की त्या लंबगोलामागे गडद छापलेला एक चेहरा ठेवा आणि बाकी मागच्या बाजूला काळा कागद. लांबून आपलाच चेहरा दिसतो; जवळ गेलं, डोक्यामागचा उजेड स्वतःच्या सावलीनं अडला, की आतला दिसतो. छपाई जितकी गडद करावीशी वाटते त्याहूनही गडद करा, नाहीतर तो लांबूनच दिसतो आणि खेळ संपतो.

स्प्रेचं काम घरात नको. गॅरेजमध्ये किंवा मोकळ्यावर, श्वासाचा मास्क लावून, आणि हवा १० अंश सेल्सियसच्या वर असताना. इथला ऑक्टोबर सकाळी दगा देतो, दुपार गाठा.

तो आतला चेहरा कुणाचा? थ्रिफ्ट स्टोअरमध्ये खोकीभर अनोळखी कुटुंबांचे जुने फोटो मिळतात. मूळ फोटोला हात लावू नये असं माझं मत आहे. त्याचा फोनवर फोटो घ्या, त्याच्यावर हवं ते करा आणि छापा. मूळ फोटो पाकिटात घालून फ्रेमच्या मागे ठेवा. त्याच दुकानात कधीकधी पितळी गणपती किंवा देवीची तसबीर दिसते. ती जरूर घरी आणा, पण देवघरासाठी. या भिंतीसाठी नाही. जव्हार-मोखाड्याकडच्या बोहाडा या आदिवासी उत्सवातल्या मुखवट्यांबद्दलही मी हेच म्हणेन. ते सोंगाचे, देवतांचे मुखवटे आहेत, भुताटकीचं सामान नव्हे.

फ्रेम आणि घड्याळ

दहा ठिकाणांहून आणलेल्या फ्रेम एका घरच्या वाटायला हव्यात. सगळ्यांना काळा ऑइलपेंट फासला तर ते कार्यालयासारखं दिसतं. उघड्या लाकडाच्या फ्रेमसाठी हे करून बघा: बरणीत पांढरं व्हिनेगर, त्यात साबणानं धुवून तेल काढलेला स्टील वूलचा गोळा, दोन दिवस. झाकण घट्ट लावू नका, आत हायड्रोजन तयार होतो. स्टेनलेसची घासणी चालत नाही, गंजणारं लोखंडच हवं. फ्रेमला आधी कडक काळ्या चहाचे दोन हात द्या, वाळवा, मग हे पाणी लावा. चहातलं टॅनिन हे तुरट द्रव्य आणि लोखंड भेटलं की लाकूड बघता बघता राखाडी आणि मग निळसर काळं होतं, आणि रेषा झाकल्या जात नाहीत. हिरडा आणि लोखंड वापरून कापड काळं रंगवायची आपली जुनी रीत याच रसायनावर चालते. व्हार्निश केलेल्या लाकडावर हे लागणार नाही, ते आधी खरवडावं लागेल. सोनेरी नक्षीच्या फ्रेमला फक्त पातळ केलेला तपकिरी रंग खाचांत भरून वरून पुसला की पुरे.

घड्याळाचं काम सर्वांत सोपं. उलटं फिरणारं क्वार्ट्झ मशीन ऑनलाइन स्वस्तात मिळतं. मागचं मशीन काढून ते बसवा, काटे तेच लावा. टिकटिक चालू, काटे उलटे.

टांगणं आणि उजेड

आधी जमिनीवर मांडणी करा, मग वर्तमानपत्राचे त्याच मापाचे तुकडे भिंतीला चिकटवून दोन दिवस जाता-येता बघा. सगळं एका रेषेत नको. पण खूप विखुरलेलंही नको, जुन्या घरात वर्षानुवर्षं एकेक भर पडत गेली असं वाटायला हवं. तळ्याचं चित्र बसलेल्या माणसाच्या नजरेच्या उंचीवर ठेवा.

भाड्याच्या घरात चिकट पट्ट्या वापरा. कमांड या ब्रँडच्या मोठ्या पट्ट्यांच्या चार जोड्या १६ पौंड पेलतात, पण भिंत स्पिरिटनं पुसलेली असेल तरच. घरगुती क्लीनरचा थर राहिला तर निसटतात. अर्धा मिनिट दाबून धरा, तासभर थांबा, मग वजन द्या. काढताना पट्टी भिंतीलगत सरळ खाली, सावकाश ताणायची. स्वतःकडे ओढली की रंगाचा पापुद्रा आणि डिपॉझिट दोन्ही जातं. जड काच असेल तर मात्र घरमालकाला विचारून भिंतीतल्या लाकडी खांबात स्क्रू मारा. ते खांब सहसा १६ इंचांवर असतात.

हिरवे-जांभळे दिवे नकोत, थरथरणाऱ्या खोट्या मेणबत्त्याही नकोत. एकच पिवळसर दिवा, २२०० ते २७०० केल्विनचा, भिंतीच्या खालच्या अंगाला जमिनीवर ठेवा. खालून आलेल्या उजेडात फ्रेमच्या सावल्या वर चढतात आणि साधी चौकटसुद्धा विचित्र दिसायला लागते. रंगमंचाच्या पुढच्या कडेला खाली लावलेल्या फूटलाइटचा हाच उपयोग असतो. छतावरचा दिवा बंद ठेवा, तो चालू असेल तर वरची सगळी मेहनत वाया.

आता सासू-सासरे. २०२४ मध्ये नरकचतुर्दशी ३१ ऑक्टोबरलाच, म्हणजे हॅलोविनच्याच दिवशी आली होती, त्या वर्षी अनेक घरांत दारात भोपळा आणि आत फराळ असा कारभार चालला. २०२६ मध्ये लक्ष्मीपूजन ८ नोव्हेंबरला आहे, म्हणजे तुमच्याकडे मध्ये आठवडा आहे. त्यांना त्रास कशाचा होईल ते मला वाटतं तुम्हालाही माहीत आहे: फुटकी काच, बंद पडलेलं घड्याळ, आणि भिंतीवर अनोळखी माणसाचा फोटो. आपल्याकडे भिंतीवर एकट्या माणसाचा मोठा फोटो म्हणजे गेलेलं माणूस, त्याला हार हवा, आणि 'हे कोण?' हा प्रश्न येणारच. म्हणून या भिंतीत काच एकही फुटलेली नाही, घड्याळ चालू आहे (कोणत्या दिशेनं, ते त्यांचं त्यांना कळू द्या), आणि आरशातला चेहरा एका मिनिटात काढून मागे काळा कागद सरकवता येतो. तळ्याचं चित्र दिवाळीतही राहू द्या. सासरेबुवांना चष्मा लावून ते सापडलं तर त्यांच्याकडून सगळ्या पाहुण्यांना दाखवलं जाईल, याची मला खात्री आहे.

मुलीचं म्हणाल तर तिला कामात घ्या. चहा फासणं, तबकाचा रंग बदलताना बघणं, वर्तमानपत्रं चिकटवणं हे सगळं सहा वर्षांच्या हाताला जमतं. व्हिनेगर-लोखंडाचं पाणी, ॲसिटोन आणि स्प्रे तुमच्याकडे. पाण्यातला माणूस कुठे काढायचा ते तिलाच ठरवू द्या. स्वतः लपवलेल्या भुताला मुलं घाबरत नाहीत, उलट येणाऱ्या-जाणाऱ्याला छळतात. मात्र आरसा तिच्या झोपायच्या खोलीच्या वाटेवर लावू नका.

उतरवताना, मुखाकृती आणखी काळवंडायला नको असेल तर तबक आम्लरहित कागदात गुंडाळून हवाबंद पिशवीत ठेवा, रबर बँड लावू नका, रबरातलं गंधक चांदीवर पट्टे उठवतं. घड्याळाचा सेल काढून ठेवा. चित्र प्लास्टिकमध्ये गुंडाळू नका, व्हार्निशला चिकटतं. जुनी सुती चादर घ्या. आणि प्रत्येक फ्रेमच्या मागे पेन्सिलीनं लिहून ठेवा की कोणते रंग मिसळले होते, म्हणजे पुढच्या वर्षी त्या तळ्यात दुसरं प्रतिबिंब घालायचं ठरलं तर रंग जुळवत बसावं लागणार नाही.